डोक्याचा डॉक्टर आणि आपली वस्ती

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढं 'वस्ती आणि मानसिक आरोग्य' असा विषय छापलाय. असला विषय ऐकला की माणसं चहाला उठतात. म्हणून मी तो सोपा करून घेतो. आपल्या गल्लीतल्या एखाद्याचं मन मोडलं, तर त्याला घेऊन जायचं कुठं? आणि ज्याच्याकडं न्यायचं तो शिकलेला, नोंदणी झालेला माणूस आहे की पाटी लावून बसलेला बुवा, हे ओळखायचं कसं? एवढंच बोलणार आहे.

पाय मोडला तर कुठं जायचं हे आपल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कुत्रा चावला तर इंजेक्शन कुठल्या दवाखान्यात मिळतं ते पानवाला सांगतो. मन मोडलं तर मात्र आपल्याकडं तीनच पत्ते आहेत.

पहिला पत्ता भगताचा. १९५६ साली आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, देव्हारे मोडले. पण घरातली पोरगी रात्री किंचाळायला लागली की अजून मागच्या दारानं लिंबू येतं, उतारा येतो. बाहेरची बाधा म्हणतात. २०१३ साली नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवतो म्हणून माणसाला साखळीनं बांधणं, झोडपणं, मिरचीची धुरी देणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. तामिळनाडूत एरवाडीला २००१ साली साखळदंडानं बांधलेली २८ माणसं आगीत जळून मेली. पळताच आलं नाही. त्यांना तिथं उपचार म्हणूनच ठेवलेलं होतं.

दुसरा पत्ता गुत्त्याचा. गटारात उतरणारा माणूस दारू पिऊन उतरतो, कारण शुद्धीवर असलेलं नाक तो वास सहन करीत नाही. वर आल्यावर परत पितो, कारण शुद्धीवर असलेलं मन ते काम सहन करीत नाही. त्याला आपण बेवडा म्हणतो. त्याचं दुखतं काय, हे त्याला कुणी विचारलंय?

तिसरा पत्ता शिवीतला आहे. मुंबईत म्हणतात, याला ठाण्याला पाठवा. पुण्यात म्हणतात, येरवड्याला न्या. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं. सरकारनं बांधलेली इस्पितळं आपल्या तोंडात शिवी होऊन बसली. म्हणून तिथल्या ओपीडीत जाऊन बसायचं म्हटलं तरी घरातली अब्रू जाते. पोरीचं लग्न मोडतं. मग माणूस खोलीत कोंडला जातो आणि बाहेर सांगतात, तो गावी गेलाय.

आता आपल्यातल्या हुशार कार्यकर्त्यांकडं वळतो. ते म्हणतात, हे सगळे पांढरपेशांचे चोचले आहेत. आपलं दुःख व्यवस्थेनं दिलंय, ते गोळीनं आणि गप्पांनी जाणार नाही. व्यवस्था बदला, मन आपोआप बरं होईल.

दोस्तहो, यातलं पहिलं वाक्य खोटं आहे आणि दुसरं अर्धं खरं आहे. गिरणीच्या धुळीनं छाती भरली तर धूळ मालकाची असते, पण खोकला आपला असतो. मालकाशी भांडायचं म्हणून आपण क्षयाची गोळी टाकून देत नाही. दोन्ही करतो. फ्रान्झ फॅनन हे नाव आपण पोस्टरवर लिहितो. तो नुसता लेखक नव्हता, मनोविकारतज्ज्ञ होता. १९५३ ते १९५६ त्यानं अल्जीरियात ब्लिदाच्या मनोरुग्णालयात काम केलं. परक्यांची सत्ता माणसाला आजारी पाडते हे त्यानं तिथं बघितलं. राजीनामा दिला, मुक्तिसंग्रामात गेला. पण पेशंट तपासणं त्यानं सोडलं नाही. ट्युनिसला जाऊनही तो रोग्यांपुढं बसतच होता. त्याच्यापेक्षा मोठे क्रांतिकारक आपण नाही.

तरी आपल्या पोरांना या शब्दांचा राग का येतो, ते मला समजतं. २०१६ साली हैदराबादेत रोहित वेमुला गेला. २०१९ साली मुंबईत डॉक्टर पायल तडवी गेली. २०२३ साली पवईच्या आयआयटीत दर्शन सोळंकी गेला. घरच्यांनी जातीच्या जाचाकडं बोट दाखवलं. कुठं चौकशीतून 'वैयक्तिक कारण' बाहेर आलं, कुठं 'अभ्यासात मागं पडला' असं बाहेर आलं. 'डिप्रेशन' हा शब्द जात झाकायचं फडकं म्हणून वापरला गेला, म्हणून आपण तो शब्दच फेकून दिला. फडकं फेकलं ते ठीक. पण त्याच्याखाली जखम होती. ती तिथंच राहिली.

मी स्वतः एका पोराला घेऊन फिरलो ते सांगतो. बाप सफाई खात्यात. पोरगा इंजिनिअरिंगला, होस्टेलवर. पहिल्याच आठवड्यात त्याला रँक विचारली. रँक म्हणजे आडनाव विचारायची नवी तऱ्हा. सहा महिन्यांत घरी आला. दिवसा झोपायचा, रात्री भिंतीकडं बघायचा, आंघोळ बंद, जेवण बंद. आईनं दोन ठिकाणी अंगारा आणला होता.

आधी आम्ही स्टेशनजवळच्या एका एसी ऑफिसात गेलो. पाटीवर इंग्रजीत 'माइंड कोच'. भिंतीवर आठ सर्टिफिकेटं, काचेत. एका तासाचे दीड हजार, आणि आठ तासांचं पॅकेज आगाऊ घेतलं तर सूट. पोरानं कसंबसं तोंड उघडलं, होस्टेलमध्ये काय झालं ते सांगितलं. साहेब म्हणाले, तू जातीचा विचार डोक्यातून काढून टाक, पॉझिटिव्ह राहा. मी विचारलं, साहेब, आपला आरसीआयचा नंबर? त्यांनी भिंतीकडं हात केला. सगळी सर्टिफिकेटं वाचली. एक दोन दिवसांच्या शिबिराचं, एक पोस्टानं केलेल्या कोर्सचं. नंबर कुठंच नव्हता. आम्ही उठलो.

मग सरकारी इस्पितळ. सकाळी साडेसातला लाइनीत, केस पेपर, मानसोपचार विभाग. मनोविकारतज्ज्ञानं पाच मिनिटं बघितलं, झोपेची आणि उदासीची गोळी लिहिली आणि म्हणाले, वरच्या मजल्यावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाई बसतात, त्यांची वेळ घ्या. त्या बाईंनी पहिल्याच दिवशी नोंदणीचं कार्ड टेबलावर ठेवलं, न मागता. आम्हाला बाहेर बसवलं. पोरगा पन्नास मिनिटं आत होता. बाहेर येऊन म्हणाला, त्यांनी मला रँक विचारली नाही, झोप विचारली.

पोरगा बरा झाला का, असं तुम्ही विचाराल. तो परीक्षेला बसला. झोपतो. गोळी कमी झालीय. अजून रागावतो. त्या बाईच त्याला म्हणाल्या, राग राहू दे, राग हा तुझा आजार नव्हता.

तर आता ओळखायचं कसं ते. वह्या काढा.

मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा डॉक्टर असतो. एमबीबीएस होऊन पुढं एम.डी. किंवा डी.पी.एम. केलेला. तो गोळी लिहितो. त्याची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडं असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळी लिहीत नाही. तो तपासण्या करतो, बोलण्यातून उपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं असते. त्यासाठी १९९२ चा कायदा आहे. नोंदवहीत नाव नसताना हा धंदा केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड बघा. मघाचे साहेब एका तासात भरतील. पण कायदा आहे.

नुसतं मानसशास्त्रात एम.ए. केलं म्हणून माणूस क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यापुढं आरसीआयनं मान्य केलेलं, रोग्यांसमोर बसून, वरिष्ठांच्या देखरेखीखाली घेतलेलं शिक्षण लागतं. वर्षानुवर्षं ते दोन वर्षांच्या एम.फिल.मधून मिळत आलं. आणि समुपदेशक, काउन्सेलर? त्यात फार चांगली माणसं आहेत. शाळेत, कोर्टात, एड्सच्या केंद्रात ती राबतात. पण ही पाटी कुणीही लावतो. म्हणून तिथं जास्त विचारा. शिकलात कुठं, किती वर्षं, तुमच्यावर देखरेख कुणाची, आणि तुमच्या आवाक्याबाहेरची केस आली तर कुणाकडं पाठवता? चांगला माणूस या प्रश्नावर चिडत नाही. चिडला तर चप्पल घाला आणि निघा.

नंबर मागायला लाजू नका. रेशनवाल्याचा काटा आपण तपासतो. आरसीआयच्या नोंदवहीत नाव शोधता येतं, तुमच्या हातातल्या मोबाइलवर. नोंदणीला मुदत असते, ती संपलेली नाही ना तेही बघा.

दुसरं, कुठं जायचं. जिल्ह्याच्या गावी सिव्हिल हॉस्पिटल असतं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला, जिल्हा कार्यक्रम १९९६ साली. त्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, समाजसेवक, नर्स हे सगळे असायला हवेत. कागदावर असतात. खुर्ची रिकामी असेल तर तिचा फोटो काढा आणि अर्ज करा. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे इथं मानसोपचार विभाग आहेत. आणि जिथं काहीच नाही तिथं फोन आहे. १४४१६. टेलिमानस. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज असेल तर तज्ज्ञाशी जोडून देतात. हा नंबर मोबाइलमध्ये नको, भिंतीवर लिहा. ज्याचं मन मोडलंय तो मोबाइल शोधत नाही.

आणि एक गोष्ट नीट ऐका. कुणी मरणाची भाषा करत असेल, तर नंबर, नोंदणी, कार्ड हे सगळं बाजूला. त्याला एकटं सोडायचं नाही. जवळच्या सरकारी इस्पितळात त्याच रात्री न्यायचं. पोलीस केस होईल म्हणून घरचे लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५ वं कलम सांगतं, की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ ला त्या संहितेबरोबरच गेलं. हे आयांना सांगा. भीतीपोटी गेलेला एक तास परत येत नाही.

हाच २०१७ चा कायदा आणखी काय म्हणतो? १८ वं कलम म्हणतं, मानसिक उपचार हा हक्क आहे. परवडणारा, चांगला, पुरेसा, जवळ मिळणारा, आणि जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेद न करणारा. जात हा शब्द त्या कलमात लिहिलेला आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी ठिकाणी फुकट, कार्ड असो नसो. तिसरं कलम म्हणतं, कुणाची सामाजिक पायरी बघून, किंवा तो समाजाच्या रूढी मानत नाही म्हणून, त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. म्हणजे आपण बंड करतो म्हणून आपल्याला वेडं ठरवायची सोय कायद्यानं काढून घेतलीय. २३ वं कलम म्हणतं, आत बोललेलं बाहेर जाणार नाही. हे वस्तीत फार महत्त्वाचं. आपल्याकडं भिंती पत्र्याच्या आहेत.

आणि ५५ वं कलम. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणानं राज्यातल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टांची नोंदणी करावी आणि यादी प्रसिद्ध करावी. प्रसिद्ध म्हणजे काय? कुठल्या तरी फायलीत? मी म्हणतो, आपल्या वॉर्डातली नावं दवाखान्याच्या दारावर लावा. लस कधी मिळते त्याचा बोर्ड लागतो, तसा हाही लागला पाहिजे.

का लागला पाहिजे? २०१५-१६ साली बंगळूरच्या निमहान्स संस्थेनं देशाची पाहणी केली. मानसिक आजार असलेल्या दर शंभरांतल्या सत्तर ते ब्याण्णव माणसांना उपचारच मिळत नाहीत, असं त्यात दिसलं. आजारागणिक आकडा बदलतो, पण सत्तरच्या खाली येत नाही. हे सत्तर, ब्याण्णव कोण असतील? पेडर रोडवरचे?

आता शेवटचा, सगळ्यात अवघड प्रश्न. माणूस नोंदणीचा मिळाला. नंबर खरा. पण आपलं दुःख त्याला कळलंच नाही तर? तो म्हणाला, जात आता कुठं राहिलीय, हा तुमचा न्यूनगंड आहे, तर? नोंदणी ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. ज्याच्यापुढं बोलताना आपलं आडनाव गिळावं लागतं, तो कितीही शिकलेला असला तरी आपल्या कामाचा नाही. त्याला पहिल्याच भेटीत विचारा, कॉलेजात, कामावर जातीवरून जे सोसलं ते मी इथं बोललो तर तुम्ही ऐकाल ना? आणि माणूस बदलायचा आपल्याला हक्क आहे. एकाकडं पटलं नाही म्हणून उपचारच सोडायचा नसतो, दुसरा शोधायचा असतो. सेवेत खोट असेल तर तक्रार करायचा हक्क २८ व्या कलमात आहे, आणि त्यासाठी फुकट वकील २७ व्या कलमात.

पण मुळातली गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकेत १९४० च्या सुमारास केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ नवराबायकोनं लहान काळ्या पोरांपुढं बाहुल्या मांडल्या, गोऱ्या आणि काळ्या. विचारलं, चांगली कुठली? पुष्कळ पोरांनी गोरी उचलली. पाचसहा वर्षांची पोरं! १९५४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं शाळांमधली काळ्यागोऱ्यांची वाटणी बेकायदा ठरवली, त्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा दाखला आहे. आणि मेमीबाई नुसत्या कोर्टावर थांबल्या नाहीत. १९४६ सालीच त्यांनी हार्लेममध्ये, म्हणजे काळ्यांच्या वस्तीत, पोरांसाठी केंद्र उघडलं. पुढं १९६८ साली काळ्या मानसशास्त्रज्ञांनी आपली स्वतःची संघटना काढली. ब्लॅक पँथर पक्षानं वस्त्यांत फुकट दवाखाने चालवले. त्यांचं नाव आपण १९७२ साली घेतलं. आरोळी घेतली. दवाखाना घ्यायचा राहिला.

आपली पोरं इंजिनिअर झाली, वकील झाली, कलेक्टर झाली. मानसशास्त्रज्ञ किती झाली? आपल्यातली जी पोरगी सगळ्या गल्लीचं रडणं ऐकून घेते, तिला म्हणा, हेच शीक. बी.ए., एम.ए. आणि पुढं क्लिनिकल. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं एम.फिल. बंद करायचं ठरवलं, म्हणून अभ्यासक्रम बदलतायत. तेव्हा प्रवेश घेण्याआधी त्या कोर्साला आरसीआयची मान्यता आहे का, ते बघूनच फी भरा. स्कॉलरशिपचा फॉर्म आम्ही भरून देऊ.

ती शिकून येईपर्यंत आपण चार कामं करू. एक, या विहाराच्या भिंतीवर १४४१६ लिहायचं, आणि खाली जवळच्या सरकारी मानसोपचार ओपीडीचा वार आणि वेळ. दोन, आपल्या वॉर्डातल्या प्रत्येक पाटीवाल्याकडं जाऊन नंबर विचारायचा आणि खरी निघालेली नावं वहीत लिहायची. पुढं फी, भाषा, आणि गरिबाला सूट देतात का ते. तीन, कुणालाही एकट्यानं लाइनीत उभं करायचं नाही. आजारी माणसाबरोबर आपला एक जण जाईल. पहिल्या दिवशीच नाही, चौथ्या-पाचव्या वेळीही. लोक पहिल्यांदा जातात, मग मजुरी बुडते म्हणून सोडतात. चार, 'ठाण्याला पाठवा' ही शिवी आजपासून बंद. जो देईल त्याच्याकडून दहा रुपये. त्या पैशातून पेशंटाचं गाडीभाडं.

वही इथं ठेवलीय. पहिल्या पानावर मी त्या सरकारी बाईंचा वार आणि मजला लिहिलाय. जाताना कुणी नाव घालायचं असेल तर घाला, कुणाला बरोबर माणूस हवा असेल तर कानात सांगा. मोठ्यानं सांगायची सक्ती नाही.

जय भीम.